कोकणातलं स्वयंपाकघर: कपाटं कशाची केलीत, किती पावसाळे टिकली?

मालवणपासून सात-आठ किलोमीटरवर आमचं घर. जांभ्याचं, कौलारू. स्वयंपाकघराची मागची भिंत विहिरीच्या बाजूला आहे, ती पावसाळ्यात कमरेइतकी ओल धरते. गेल्या आठवड्यात सिंकखालचं दार माझ्या हातातच आलं. बिजागरीचे स्क्रू भुश्यासकट निघाले, आतला पार्टिकल बोर्ड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगला होता. हे काम सहाच वर्षांपूर्वी शहरातल्या शोरूममध्ये पसंत करून करून घेतलेलं.

आता पुन्हा करायचंय, आणि या वेळी इथे पावसाळे काढलेल्यांना विचारून. गाव कुठलं, समुद्र किती लांब, घर वर्षभर राहतं की बंद असतं, कपाट कशाचं आणि पहिल्यांदा काय बिघडलं, एवढं लिहा. फसलेले अनुभव जास्त हवेत.

चिपळूण
22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या तळमजल्यात माझ्या डोक्याच्या वर होतं. पाणी उतरल्यावर घरात पाऊल टाकलं तेव्हा एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) ड्रॉवर इतके फुगले होते की उघडेचनात. शेवटी पहारीने फोडून भांडी बाहेर काढली. समोरच्या भिंतीला सासूबाईंच्या वेळचे कडप्प्याचे खण होते. त्यातला चिखल पाइपने धुतला, खराट्याने घासलं आणि तिसऱ्या दिवशी त्यात डबे लावले. त्या दिवशी ठरवलं, खालच्या बाजूला फळी नको. आता ओट्याखाली सगळे कडप्प्याचे खण आहेत, दारं ॲल्युमिनियमच्या चौकटीची. प्लाय फक्त वरच्या कपाटांना. मात्र ओट्यावर कडप्पा घालू नका. तो चुनखडीच्या जातीचा दगड. आगळ किंवा लिंबू सांडलं की पांढुरका डाग पडतो आणि घासून जात नाही. वर ग्रॅनाइट, खाली कडप्पा असं करा.

रत्नागिरी, सुतारकाम करतो
गिऱ्हाईक येऊन ‘वॉटरप्रूफ प्लाय’ मागतं. असं मोघम मागू नका. फळीवरचा शिक्का वाचा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस 303 मध्ये दोन प्रती येतात, एमआर (ओलावा सोसणारी) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारी). एमआर थोडी दमट हवा सोसते, सिंकजवळ तिचा उपयोग नाही. मरीन प्लायला आयएस 710 लागतं. तिचा गोंद फिनॉलचा असतो आणि चाचणीत तुकडा 72 तास उकळतात. मी माल उतरवल्यावर एक तुकडा कापून दिवसभर पातेल्यात उकळतो. थर सुटले तर गाडी परत.

पण चांगली मरीनही मी कुजलेली बघितली आहे, आणि दर वेळी कुजायला सुरुवात कडेपासून झालेली. सिंकच्या पाइपसाठी पाडलेलं भोक, बिजागरीच्या वाटीसाठी 35 मिलिमीटरची खाच, पाठीची खालची कड. दर्शनी बाजूला 1 मिलिमीटरचं सनमायका आणि झकास एज बँड असतो, आणि पाइपच्या भोकाची कड मात्र उघडी! तिथे बोट फिरवून बघा, खरखरीत लागलं तर पाणी तिथूनच शिरणार. मी दोन हात इपॉक्सीचे देतो. कपाटाची पाठ जांभ्याला टेकवत नाही, बोटभर फट ठेवतो. खाली चार इंची प्लास्टिकचे पाय, आणि पुढची पट्टी क्लिपची. महिन्यातून एकदा ती काढून बॅटरीने आत बघायचं. वाळवीची मातीची रेघ भिंतीवरून चढताना दिसली की वेळेत कळतं.

हर्णै
समुद्र दोनशे पावलांवर. स्टीलची कपाटं केली, 304 ग्रेडच्या स्टीलचे म्हणून पैसे दिले आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर तांबूस ठिपके आले. दुकानदाराने लोहचुंबक चिकटत नाही हे लावून दाखवलं होतं, पण 202 या हलक्या ग्रेडलाही चुंबक नीट चिकटत नाही. त्यामुळे ती परीक्षाच नव्हे. बिलावर ग्रेड लिहून घ्या. खरं 304 सुद्धा खाऱ्या वाऱ्यात डागाळतं, आठवड्याला गोड्या पाण्याने पुसावं लागतं. 316 मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते जास्त टिकतं, पण महाग. बिजागऱ्या तर त्याआधीच गेल्या.

श्रीवर्धन
पीव्हीसी बोर्ड. वाळवी नाही, पाण्याची भीती नाही. शेगडीजवळचं दार मात्र वाकलं आणि तांदळाच्या डब्याखालची फळी मधोमध बसली. स्क्रू एकदा सैल झाला की पुन्हा धरत नाही.

देवगड, राहतो मुंबईत
आमचं घर जूनपासून गणपतीपर्यंत बंद. चाकरमान्यांनी एवढं लक्षात घ्या, आमच्याकडे फळीपेक्षा कोंडलेली हवा जास्त नडते. प्लाय मरीन होती, ती शाबूत राहिली. पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी कपाट उघडलं तर आत सगळीकडे पांढरी बुरशी, आणि आईने मेमध्ये भरून ठेवलेल्या फणसपोळ्या टाकून द्याव्या लागल्या. तिचा चेहरा अजून आठवतो. आता खालच्या दारांना पूर्वीच्या दुधाच्या कपाटासारखी जाळी लावली आहे. निघताना कपाटं रिकामी करून दारं सताड उघडी ठेवतो. दोन पावसाळे झाले, वास नाही.

सावंतवाडीजवळ
आमची दारं घरच्या फणसाची. फळ्या पाडून पडवीत मध्ये काठ्या घालून वर्षभर रचून ठेवल्या, मगच सुताराला बोलावलं. अकरा वर्षं झाली, पिवळा रंग आता मधासारखा झालाय. मेमध्ये बरोबर बसवलेलं दार जुलैत अडकतं, म्हणून थोडी जागा सोडायला सांगा. घरचं लाकूड असेल तर हे नक्की करा.

धागाकर्ती, मालवण
सगळ्यांचं वाचून काल गावातल्या जुन्या सुतारकाकांना घरी आणलं. त्यांनी फळीचं नावच काढलं नाही. भिंतीला तळवा लावून उभे राहिले आणि म्हणाले, “बाय, पाणी खंयसून येता ता आदी बघ.” तेव्हा विहिरीकडच्या भिंतीवर कपाटच करणार नाही, तिथे नुसती कडप्प्याची मांडणी, भिंत उघडी. ओट्याखाली कडप्प्याचे खण आणि जाळीची दारं, वरच्या दोन कपाटांना आयएस 710.

चिपळूणच्या ताई, एक सांगाल का? ॲल्युमिनियमची चौकट कडप्प्याच्या उभ्या पट्टीला भोकं पाडून बसवलीत की चिकटवलीत? आमचा गवंडी म्हणतो, कडेला ड्रिल लावलं तर पट्टी तडकेल.