५२ कोटींचं केळं आणि आमचा रिमोट : तुमच्याही घरचे असे किस्से सांगा

२०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला सोदबीजच्या लिलावात भिंतीला चिकटपट्टीने चिकटवलेलं एक केळं ६२ लाख डॉलरला गेलं, म्हणजे आपले ५२ कोटींच्या आसपास. मौरिझिओ कातेलान नावाच्या इटालियन कलाकाराची कलाकृती म्हणे, आणि ज्याने घेतलं त्या क्रिप्टोवाल्याने नंतर हाँगकाँगला पत्रकार बोलावून त्यांच्यासमोर ते केळं खाऊनही टाकलं. मी सकाळी चहा गाळता गाळता ही बातमी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या दळण निवडत होत्या. मान वर न करता विचारलं, "वेलची का साधं?" मग बराच वेळ काहीच नाही, मला वाटलं विषय संपला. तेवढ्यात उठून हॉलमध्ये गेल्या आणि टीव्हीचा रिमोट घेऊन आल्या. आमच्या रिमोटचं मागचं झाकण कितीतरी वर्षांपूर्वी गेलंय, सेल चिकटपट्टीने बसवलेत, त्यावर दुधाच्या पिशवीचा रबर आणि या सगळ्यावर प्लॅस्टिकची पिशवी, कारण जेवताना आमटीचा हात लागतो. तो माझ्यासमोर ओट्यावर ठेवून म्हणाल्या, "याचे किती येतात बघ गं."

तर हा धागा त्यासाठी. बातमी कुठलीही असूदे, पण तिचं पुढे तुमच्या घरात काय झालं ते सांगा. त्यात एखादं यंत्र नाहीतर भांडं आलं तर उत्तम. फॉरवर्ड नकोत, घरी घडलेलंच लिहा, लांबलं तरी चालेल.

*

माझं वय कळणार आता, पण असो. जुलै १९७९, गाव संगमेश्वर तालुक्यात. अमेरिकेची स्कायलॅब पडणार पडणार म्हणून सगळीकडे बोंब होती, ७७ टनांचं धूड आणि ते नक्की कुठे पडणार हे खुद्द नासालाही सांगता येत नव्हतं. आमच्या वाडीत ट्रान्झिस्टर एकच, आजोबांचा, चामड्याच्या कव्हरातला. त्याचे सेल संपत आले की आजोबा ते चुलीच्या वैलाजवळ ठेवून शेकवायचे आणि मग तो अजून दोन दिवस बोलायचा. वाडीने ठरवलं की मरायचंच आहे तर उपाशी कशाला मरा, आजीने दोन कोंबड्या कापल्या, त्यातली एक चांगली अंड्यावरची होती.

११ तारखेच्या रात्री सगळी वाडी आमच्या पडवीत, बाहेर मरणाचा पाऊस, ट्रान्झिस्टर भाताच्या कणगीवर ठेवलेला आणि ऐन वेळी सेल गेले. चूल विझलेली, शेकवणार कशावर? म्हणजे स्कायलॅब पडली का नाही, कुठे पडली, काही कळायला मार्ग नाही, सगळे नुसते आढ्याकडे बघत बसलेले. मध्यरात्री कधीतरी गोठ्यावर धाडकन काहीतरी आदळलं, पाच-सहा कौलं फुटली, म्हशी ओरडायला लागल्या आणि शेजारचे तात्या "पडली रे पडली" करत जे पळाले ते थेट वहाळापर्यंत. कंदील घेऊन बघायला जायची कोणाची छाती होईना. शेवटी आजी गेली, इरलं घेऊन, आणि आतून ओरडली, "फणस हाय मेल्यांनो!"

स्कायलॅब तेव्हा केव्हाच हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात जाऊन पडली होती. तिकडच्या एस्परन्स गावाच्या नगरपालिकेने कचरा टाकला म्हणून नासाला ४०० डॉलर दंड लावला, हे मला खूप वर्षांनी कळलं. आजी तेव्हा नव्हती. असती तर तिने अंड्यावरची कोंबडी आणि सहा कौलं त्यात लावून घेतली असती. त्या फणसाला मात्र आमच्याकडे अजून स्कायलॅबच म्हणतात, "स्कायलॅबचे गरे यंदा पानचट लागले" वगैरे.

*

फणसावरून हसून झालं, आता आमचं ऐका. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार, गणपती दूध प्यायला तो दिवस. आम्ही डोंबिवलीला चाळीत, फोन खालच्या जोशीकाकूंकडे, आमचा पीपी नंबर तोच. सकाळी दिल्लीहून मामाचा एसटीडी आला की इकडे गणपती दूध पितोय, तुमच्याकडे बघा. अकरापर्यंत डेअरीतलं दूध संपलं होतं, चाळीत चहा कोराच. आईने देवघरातल्या पितळी गणपतीच्या सोंडेला चमचा लावला आणि दूध खरंच गेलं, मी स्वतः बघितलंय, मी नववीत होतो.

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. दुपारी घरी आले, लाइन बघितली (आमच्या गणपतीला बाहेर लाइन होती!) आणि त्यांचं डोकं सटकलं. पृष्ठताण, केशाकर्षण, सगळं आठवीचं पुस्तक चाळीच्या गॅलरीत उभं राहून सांगितलं. दूध मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळतं, दगड-पितळेवर ते दिसत नाही इतकंच. कोणी ऐकेना. तेव्हा ते गॅलरीच्या कोपऱ्यातला वरवंटा घेऊन आले. मिक्सर आल्यापासून तो तिथे पडून असायचा, पावसाळ्यात दार अडवायला. धुतला, पुसला, उभा केला, चमचा टेकवला आणि काय सांगू, वरवंटा गटागटा दूध प्यायला लागला. बाबा विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघतायत, "आता हा पण देव का?"

आई शांतपणे म्हणाली, "मग नाही का? तुमच्या मुलाच्या बारशाला तुमच्याच आईने याला कुंची घालून पाळण्याखालून फिरवला ना, कोणी गोविंद घ्या कोणी गोपाळ घ्या करत? गोप्या आहे तो. पिणारच."

संध्याकाळच्या बातम्यांत शास्त्रज्ञांनी रंगीत दूध पाजून ते कसं खाली जमा होतं तेही दाखवलं, पण तोपर्यंत आमच्याकडे चाळीतल्या दोन बायका वरवंट्याला हळदकुंकू लावून गेल्या होत्या. बाबांनी त्यानंतर दार अडवायला वीट आणली.

*

धागाकर्ती. वरवंटा सासूबाईंना वाचून दाखवला. म्हणाल्या, "म्हणून मी म्हणत होते आपला जावेला देऊ नका." पुढे चालू ठेवा.

*

छोटासाच. ऑगस्ट २००६, माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं तेव्हा. पालिका कानीकपाळी ओरडून सांगत होती पिऊ नका, आणि आमच्या माटुंग्याच्या आत्याने सरबताच्या जुन्या बाटलीत भरून आणून फ्रीजच्या दारात ठेवलं. तिथेच गार पाण्याच्या पण बाटल्या. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, आत्याच्या सुनेने घाईत त्यातलंच ओतून लिंबूसरबत केलं, आणि पाहुणे जाताना म्हणाले, वहिनी, सरबत झकास पण मीठ जरा जास्त पडलं. आत्याला त्यातलं एवढंच लागलं की म्हणजे पाणी गोड नव्हतंच. पाहुणे धडधाकट आहेत. त्यांना अजून माहिती नाही, हा धागा त्यांनी वाचू नये म्हणून नाव लिहीत नाही.

*

आमचे अप्पा वीज मंडळातून रिटायर झालेले, सगळी नोकरी सबस्टेशनला ऑपरेटर म्हणून, पॅनलसमोर. त्यांना घरातलं काही म्हणजे काही कळत नाही, साखरेचा डबा कुठला ते विचारू नका, पण दिवा जरा फडफडला की जेवता जेवता "व्होल्टेज १९०" म्हणणार आणि मीटर लावून बघितलं तर १९२.

५ एप्रिल २०२०, रविवार, रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. आईने दुपारीच समई घासली, वाती वळल्या. अप्पा सकाळपासून अस्वस्थ. आख्ख्या देशाने एकदम लोड सोडला तर फ्रिक्वेन्सी वर उडणार, ५० हर्ट्झला वीजकेंद्रांतली सगळी मशीन एका लयीत फिरतायत, ती लय बिघडली की एकामागोमाग एक सेट ट्रिप होणार आणि मग नऊ मिनिटं कसले, दोन दिवस अंधारात बसा. तशी काळजी राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनीही बोलून दाखवली होती. अप्पांनी जुन्या ओळखीतल्या दोघातिघांना फोन लावले, ते सगळे ड्यूटीवर, कोणी उचलेना. मग ते कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने काहीतरी लिहीत बसले.

ते काय होतं ते मला नंतर दिसलं. गिझर २०००. इस्त्री १०००. मिक्सर ५००. पाण्याची मोटर ७४६. घरघंटी ७४६. पंखे चार, ३००. खाली दोनदा रेघ मारून ५२९२ वॅट.

नऊला आई समई घेऊन गॅलरीत, आजूबाजूला सगळीकडे अंधार, खाली कोणीतरी शंख वाजवतंय, आणि अप्पा घरात एकटेच बटणांमागून बटणं दाबत सुटलेले. देशाच्या ग्रीडला आपल्या परीने लोड देत होते हो. गिझर पेटला, मोटर घुमायला लागली, घरघंटी रिकामीच खडखडायला लागली, मिक्सरला बहुतेक त्यांनी भांडं नीट लावलं नव्हतं. मी आत जाऊन बघतोय तोवर खट्ट आवाज झाला आणि सगळं शांत. मेनचा एमसीबी पडला. फ्रीजसकट सगळं बंद. आमच्या सोसायटीत त्या रात्री शंभर टक्के लोड सोडलेलं घर एकच, ते म्हणजे अप्पांचं.

समोरच्या काकू गॅलरीतून आईला म्हणाल्या, तुमच्याकडे पंखेसुद्धा बंद केले, बाई कमाल आहे. आईला काय, ती खूश.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की त्या वेळात मागणी ३१ हजार मेगावॅटहून जास्त उतरली होती आणि तरी ग्रीड टिकला, आधी पाण्यावरची वीज भरपूर चालू ठेवली आणि ऐन वेळी ती झपाझप उतरवली, मग परत चढवली. फ्रिक्वेन्सी ५०.२६ च्या वर गेली नाही. अप्पांनी ते कात्रण कापून ठेवलंय. "मुलांनी चांगलं सांभाळलं" म्हणाले, ती मुलं म्हणजे पन्नाशीची माणसं. एमसीबीचा विषय आमच्या घरात काढायचा नाही.

*

अप्पांना साष्टांग दंडवत!! आमच्याकडे त्याच रात्री बाबांनी अंधारात तेल समजून कणकेच्या दिव्यात व्हिनेगर घातलं होतं, त्याच्यापुढे सांगण्यासारखं काही नाही.

*

नागपूरकडून एक. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या आणि दोन हजारची गुलाबी नोट आली तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर एकच, का त्यात चिप आहे, जमिनीत १२० मीटर खोल गाडली तरी सॅटेलाइटले दिसते. माझ्या काकाने हे आजीले मोठ्या गंभीरपणे समजावून सांगितलं. आजी शिलाई मशीनवर बसून गोधडीले टिपा मारून राह्यली होती. पाय न थांबवता म्हणे, "मंग ते नोट माया चष्म्याले बांधून दे ना बापा. सकायपासून सापडून नाही राह्यला." (चष्मा कपाळावर होता, हे सांगायची गरज नाही.)

आम्ही सगळे हसलो आणि आजीचा चिपवर काडीचाही विश्वास नाही असं धरून चाललो. ते वारली २०२१ मध्ये. २०२३ च्या मे महिन्यात दोन हजारची नोट परत घेणार म्हणून आलं, तेव्हा काकाले आठवलं का आजीपाशी एक होती, पेन्शनीतून ठेवलेली. सगळं घर पालथं घातलं, पोथ्या झटकल्या, धान्याच्या कोठ्या उपसल्या, काही नाही. काका म्हणे, आता कुठं गेला तुया सॅटेलाइट, तर बाबा म्हणे मले काय विचारते, तूच सांगत होता.

पुढच्या हिवाळ्यात बायकोने पडदे शिवायले मशीन उघडली. ड्रॉवरमधे बॉबिनची पत्र्याची डबी, डबीत तीन बॉबिन, एक मोडकी सुई, आणि तळाशी अगरबत्तीच्या पुड्यातल्या चंदेरी कागदात चारी बाजूंनी घट्ट गुंडाळून ते नोट. वरून टाके घातले होते. बाराशे पानांच्या पोथीत नाही, पत्र्याच्या डबीत, चांदीच्या कागदात, म्हणजे सॅटेलाइटले दिसू नये याची पुरी सोय. बँकेत घेणं तोवर बंद झालं होतं, रिझर्व्ह बँकेत जाऊन बदलता आलं असतं, नागपुरात तर ऑफिसच आहे, दोन स्टॉप. कोणी गेलं नाही. डबी तिथंच आहे, बायको तीन बॉबिन वापरते आणि कागद तसाच ठेवते.

*

धागा केळ्यावरून सुरू झाला आणि अजून एकही खान्देशी माणूस बोलला नाही? आम्ही रावेरचे, घरची केळीची बाग. ती ५२ कोटींची बातमी मी पुण्याहून वडिलांना फोनवर सांगितली तर पहिला प्रश्न, "घड का फणी?" म्हटलं एकच केळं. "एकच?" मग म्हणे थांब, आणि फोन तसाच चालू ठेवून कुठंतरी गेले, मला मागून चपलांचा आवाज, कुत्रं, कोणाला तरी "काटा आण रे" असं सगळं ऐकू येत होतं.

आमच्याकडे खत-बियाणं मोजायला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्यावर एक केळं ठेवलं, दीडशे ग्रॅम भरलं. आमच्याकडे केळ्याचा भाव क्विंटलवर बोलतात, नगावर कोण बोलतं? म्हणून त्यांना हे क्विंटलवर आणायचं होतं. दुकानातला दहा आकडी कॅल्क्युलेटर घेतला तर त्याने नुसता ई दाखवला. दोनदा केलं, दोनदा ई. मग म्हणे जाऊ दे, आणि जुन्या काटापट्टीच्या मागे हातानेच मांडलं, मला फोनवर एकेक शून्य मोजून सांगत. क्विंटलला ३४,६६६ कोटी आणि वर काही लाख.

मी म्हटलं बाबा, मग विकून टाकू बाग.

थोडा वेळ शांत. मग म्हणे, "व्यापारी याच्यातून पण दांड्याच्या वजनाची कटती कापेल, पाहा."