शब्द हवा: गाडीने जाता जाता माणसं मारत जाणारा

एका अमेरिकी कादंबरीचं भाषांतर करते आहे. एक माणूस जुनी फोर्ड घेऊन ओहायोहून निघतो आणि कॅलिफोर्नियाला पोचेपर्यंत लिफ्ट दिलेल्यांना मारत जातो. सांगणाराही तोच. सांगतो अगदी थंडपणे, पेट्रोलचा हिशेब लिहावा तसं. मी अडले आहे ती 'सिरियल किलर'पाशी. 'मालिका खुनी' लिहून आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "कुठल्या चॅनेलवर लागते?" 'क्रमिक खुनी' म्हटलं की शाळेतलं क्रमिक पुस्तक आठवतं. 'नराधम' हा वर्तमानपत्रांचा शब्द, खुनी स्वतःला नराधम कशाला म्हणेल? शिवाय 'ड्रिफ्टर'ला, म्हणजे कुठेच न टिकता फिरत राहणाऱ्या माणसाला, सध्या 'भटक्या' घातलंय, आणि लिफ्टसाठी रस्त्याकडेला अंगठा दाखवतात त्याचं काय करावं कळत नाही. सुचवा.

* * *

'सत्र' आहे की आपल्याकडे. खूनसत्र, अपघातांचं सत्र, बदल्यांचं सत्र. मुळात सत्र म्हणजे बरेच दिवस चालणारा यज्ञ. जनमेजयाच्या सर्पसत्रात साप एकामागून एक येऊन पडत होते, ते चित्र या शब्दात अजून शिल्लक आहे. अडचण एवढीच की सत्र घटनांचं असतं, माणसाचं नसतं. 'सत्री खुनी' कोणी म्हणणार नाही.

म्हणून ताई, नाम सोडा आणि क्रियापद धरा. मराठीत ही मालिका क्रियापदातच असते. 'मारत सुटला', 'मारत गेला', 'मारत आला', तिन्हींत फरक आहे. चार्ल्स स्टार्कवेदरने जानेवारी १९५८ मध्ये नेब्रास्का आणि वायोमिंगमध्ये आठ-नऊ दिवसांत १० माणसं मारली. तो 'मारत सुटला'. मध्ये दम घेणं नाही, घरी जाऊन जेवणं नाही. इंग्रजीत याला 'स्प्री' असा वेगळा शब्द आहे. 'सिरियल'वाला मात्र थांबतो, महिनोन्महिने साध्या माणसासारखा राहतो आणि पुन्हा मारतो. तो 'मारत गेला'. आणि तुमचा फोर्डवाला कॅलिफोर्नियात बसून मागे बघत सांगत असेल तर 'मारत आलो'. ही दिशा इंग्रजीला एका क्रियापदात जमणार नाही!

पोलिसांच्या तोंडी 'सिरियल किलर'च राहू द्या. तो शब्दही मूळ अमेरिकी म्हणावा असा नाही. बर्लिनचे पोलीस अधिकारी एर्न्स्ट गेनाट यांनी १९३० साली ड्यूसेलडॉर्फच्या पीटर क्यूर्टनबद्दल लिहिताना त्याच अर्थाचा जर्मन शब्द वापरला होता. इंग्रजीत मात्र तो रुळला १९७०-८० च्या दशकांत. कथा त्याआधीच्या काळातली असेल तर पोलिसांनाही तो शब्द देऊ नका.

* * *

'वाटमाऱ्या' इतका नेमका शब्द असताना कशाला शोधताय? वाल्या कोळी काय करत होता? एक खून, रांजणात एक खडा. सात रांजण भरले. थंडपणे हिशेब ठेवणारा आपलाही होता.

* * *

रांजणाचं पटलं, शब्द पटला नाही. वाटमाऱ्या एका जागी दबा धरून बसतो, वाट त्याची आणि प्रवासी परका. इथे खुनीच प्रवासी आहे. वाल्याला रांजण ठेवायला घर होतं, याच्याकडे डिकी आहे.

त्यापेक्षा ठग जवळचा. वाटसरूंच्या सोबतीने चालायचं, एकत्र जेवायचं, विश्वास बसला की रुमालाने गळा आवळायचा. कंपनी सरकारने १८३६ साली खास त्यांच्यासाठी कायदा केला. पण शब्द आता कामाचा राहिला नाही. इंग्रजीने 'थग' नेला आणि नुसता गुंड केला, आपण 'ठकास महाठक' म्हणत नुसता फसवणारा ठेवला. रुमाल दोघांनीही हरवला.

* * *

'भटक्या' कृपा करून काढा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते लेबल कायद्यातून गेलं, लोकांच्या तोंडातून गेलं का? महाराष्ट्रात 'भटके विमुक्त' हे माणसांचं नाव आहे. खुन्याला ते चिकटवलं की मूळ पुस्तकात नसलेला अर्थ येतो. 'भामटा' सुचवायला कोणी येईल, तर तेही विमुक्त जातींच्या यादीतलं नाव आहे. 'फिरस्ता' घ्या. त्यात ना कौतुक, ना शिवी.

* * *

अंगठ्याबद्दल. 'मुलीने त्याला अंगठा दाखवला' असं लिहिलंत तर मराठी वाचक समजेल की तिने त्याला झुलवून ऐनवेळी नकार दिला. अर्थ बरोब्बर उलटा. आपण गाडीला हात दाखवतो. एसटीवरच लिहिलेलं असायचं, 'हात दाखवा, बस थांबवा'. आणि ती ज्याच्या गाडीत बसते आहे ते पाहता, 'हात दाखवून अवलक्षण'!

जाता जाता, प्रुफं नीट तपासा. 'खुनाची खूण' यात न आणि ण ची अदलाबदल झाली तर प्रकरणच बदलेल.

* * *

ओमाहाहून लिहितोय. आय-एटी, म्हणजे इंटरस्टेट ८० हा महामार्ग, घरापासून दहा मिनिटांवर. आम्ही मराठीत 'एटीवरून गेलो', 'एक्झिट चुकली' असंच बोलतो, 'आंतरराज्य महामार्ग' कोणी म्हणत नाही. पुस्तकात रस्त्यांचे आकडे असतील तर जपा: सम आकडे पूर्व-पश्चिम, विषम उत्तर-दक्षिण. पश्चिमेला निघालेला माणूस उगाच पंचवीसवर दिसला तर इथला वाचक हसेल.

आणि 'हद्द' हा शब्द भरपूर वापरा. तुमचा माणूस इतका काळ सापडत नाही तो हद्दींमुळेच. एका काउंटीत माणूस उचलला, तिसऱ्या राज्यात प्रेत टाकलं, की प्रत्येक शेरिफच्या टेबलावर एकच सुटा कागद. ओक्लाहोमात आय-फोर्टीच्या कडेने सापडलेल्या प्रेतांमधला सारखेपणा २००४ साली लक्षात आला, त्यातून एफबीआयने हायवेवरच्या खुनांसाठी वेगळा उपक्रमच काढला. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य तर तुम्हाला भाषांतरित करावंही लागणार नाही.

* * *

सगळ्यांचे आभार. 'भटक्या' काढला, सगळीकडे 'फिरस्ता' केला. 'सिरियल किलर' फक्त शेरिफ आणि रेडिओ यांच्या तोंडी. पहिलं वाक्य आता असं झालंय: "ओहायोपासून मी मारत आलो, आणि एकदाही कोणी पावती मागितली नाही." 'हात दाखवून अवलक्षण'चा मोह फार झाला, पण हा माणूस विनोद करत नाही. तिथे नुसतं ठेवलंय: "तिने हात दाखवला. मी थांबलो."

आता मोटेल. खोलीच्या दारातच गाडी लागते, आत कोण गेलं ते कोणी बघत नाही, हे सगळं 'लॉज'मध्ये येत नाही. तिथे काउंटरवर एक काका बसलेले दिसतात. काय करू?