मदत हवी आहे : आजोबांच्या तबकड्यांसाठी पहिला टर्नटेबल

नागपूरच्या महाल भागातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या चाळीसएक ग्रामोफोन तबकड्या सापडल्या असून, त्यांपैकी काही मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या, तर बाकीच्या ३३⅓ फेऱ्यांच्या व्हिनाइल (एक प्रकारचे प्लास्टिक) एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या, आहेत. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असल्याने तिच्यावर एलपीची बारीक सुई चालवू नये, एवढे मला समजले आहे. म्हणून सुई बदलता येईल आणि ७८चा वेगही असेल, असा टर्नटेबल (तबकड्या वाजवण्याचे यंत्र) पंधरा हजारांच्या आत कोणता घ्यावा? माझ्या अॅम्प्लिफायरला फोनो जोडणी (टर्नटेबलचा क्षीण संकेत घेणारी जोडणी) नाही, त्यामुळे तो संकेत वाढवणारा प्रीअॅम्पही लागेलच. एका एलपीची कड उष्णतेने लाटेसारखी उचलली गेली आहे, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. बाकीच्या तबकड्या मी कूलरच्या खोलीत उभ्या ठेवल्या आहेत. तेथील दमटपणाने त्यांना बुरशी तर धरणार नाही ना? कृपया अनुभवींनी मार्गदर्शन करावे.