गृहकर्जाच्या अर्जात कोणती वैयक्तिक माहिती द्यावी आणि ती कशी द्यावी?

प्रश्न

आम्ही पती-पत्नी पहिल्यांदाच गृहकर्जासाठी अर्ज करीत आहोत. ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, पगारपत्रके आणि कर विवरणपत्रे मागितली जातील याची कल्पना होती; परंतु अर्जात अवलंबून असलेल्या व्यक्तींची संख्या, मागील पत्त्यांवरील वास्तव्याचा काळ, आधीच्या नोकरीचा तपशील असेही रकाने आहेत आणि शिवाय सहा महिन्यांचा बँक खात्याचा संपूर्ण उतारा जोडावयाचा आहे. त्या उताऱ्यात औषधोपचाराचा खर्च, देणग्या, नातेवाइकांना केलेली मदत असे सारेच दिसते. त्यात भर म्हणून मध्यस्थाने सर्व कागदपत्रे मोबाइलवरील संदेशातून मागितली आणि काम लवकर व्हावे यासाठी नेटबँकिंगचा पासवर्डही द्यावा असे सुचविले. पासवर्ड मी दिलेला नाही. मात्र उताऱ्यातील खासगी नोंदी काळ्या करून दिल्या तर चालेल का, आणि अनावश्यक वाटणारा रकाना कोरा सोडता येतो का?

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे कर्जविभागात अर्ज तपासण्याचे काम केले आहे, म्हणून पलीकडच्या टेबलावरून या रकान्यांकडे कसे पाहिले जाते ते सांगतो. कर्ज देणाऱ्याला मुख्यतः तीन गोष्टींची खात्री हवी असते : अर्जदार खरोखर तीच व्यक्ती आहे, हप्ता भरल्यानंतर घर चालविण्याइतके पैसे तिच्या हाती उरतील आणि तारण ठेवली जाणारी मालमत्ता वादमुक्त आहे. अवलंबून असलेल्यांची संख्या विचारतात ती दुसऱ्या गोष्टीसाठी, कारण तेवढ्याच पगारात दोन माणसे राहतात की सहा, यावर परतफेडीची क्षमता ठरते. मागील पत्ते लागतात ते पतअहवालातील, म्हणजे तुमच्या आधीच्या कर्जांच्या व परतफेडीच्या अहवालातील, नोंदी तुमच्याच आहेत हे जुळवून पाहण्यासाठी. एकाच नावाच्या दोन व्यक्तींचे अहवाल एकमेकांत मिसळल्याची प्रकरणे मी स्वतः हाताळली आहेत.

उताऱ्यातील नोंदी मात्र कृपया काळ्या करू नका. तपासणारा तुमच्या औषधांची बिले वाचत बसत नाही. पगार दरमहा जमा होतो का, अर्जात न लिहिलेल्या एखाद्या कर्जाचा हप्ता वळता होतो का, धनादेश परत गेले आहेत का आणि अर्जाच्या थोडे आधी एकाएकी मोठी रक्कम जमा झाली आहे का, एवढेच तो पाहतो. खाडाखोड केलेला उतारा आला की तो फेरफार केलेला दस्तऐवज मानला जातो आणि साध्या खासगी खर्चाबद्दल नसलेला संशय निर्माण होतो. घरच्यांनी पहिल्या भरण्यासाठी मदत केली असेल, तर ती रक्कम परत करावयाची आहे की नाही हे स्पष्ट करणारे त्यांचे सही केलेले पत्र आधीच जोडावे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु तो संस्थेच्या बाजूने लिहिलेला आहे, म्हणून थोडी पुस्ती जोडते. माहिती देणे आणि खात्यात प्रवेश देणे या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. उतारा ही माहिती झाली. पासवर्ड, पिन आणि ओटीपी यांची गरज कर्जाच्या कोणत्याही टप्प्यावर कोणालाही नसते. ज्याने पासवर्ड मागितला त्या मध्यस्थाकडून मी तरी काम काढून घेतले असते.

कागदपत्रे संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर चढवावीत किंवा शाखेत जाऊन द्यावीत. संदेशातून पाठविलेली छायाचित्रे मध्यस्थाच्या फोनमध्ये, त्याच्या बॅकअपमध्ये आणि तो ज्यांना पुढे पाठवील त्या सर्वांकडे राहतात. एकच मध्यस्थ तुमची कागदपत्रे चार ठिकाणी देतो, चारही संस्था पतअहवाल मागवितात आणि कर्जासाठी धावाधाव चालली आहे असे त्या अहवालावरून दिसू लागते, हेही घडते. त्यामुळे कोणाकोणाकडे अर्ज करावयाचा आहे ते त्याच्याकडून लेखी घ्यावे. ओळखपत्राच्या छायाप्रतीवर संस्थेचे नाव, तारीख आणि ‘केवळ गृहकर्ज अर्जासाठी’ असे मजकूर झाकला जाणार नाही अशा बेताने तिरके लिहावे. नियमाने ओळखक्रमांकाचे काही अंक झाकण्याची मुभा असेल, तर पीडीएफवर नुसता काळा चौकोन ओढून भागत नाही. खालचा मजकूर निवडून त्याची नक्कल करता येऊ शकते. झाकलेल्या प्रतीचे छायाचित्र काढून तेच द्यावे.

अर्जाच्या शेवटी संमतीच्या दोन वेगवेगळ्या चौकटी असू शकतात. पतअहवाल मागविण्याच्या संमतीवाचून अर्ज पुढे सरकत नाही; विमा, कार्डे यांच्या जाहिरातींसाठी माहिती इतरांना देण्याची संमती मात्र निःशंकपणे नाकारावी.

प्रतिसाद ३

कोऱ्या रकान्यांविषयी : कोरा सोडण्याऐवजी ‘लागू नाही’ असे लिहावे, म्हणजे नंतर तेथे दुसऱ्या कोणी काही भरण्याचा प्रश्न राहत नाही. हेतू समजत नसेल तर ईमेलने विचारावा. माहिती कोणत्या हेतूने घेतली जात आहे हे घेतानाच स्पष्ट असावे, हे तत्त्व ओईसीडी या अनेक देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने १९८० सालीच आपल्या मार्गदर्शक सूचनांत मांडले होते, त्यामुळे असे विचारणे म्हणजे अडवणूक नव्हे. दुसरे असे की, पत्नी सहकर्जदार असतील तर त्यांचा भाग त्यांनीच वाचून सही करावी. आमच्या घरी ही घाई झाली आणि आमच्या सहकर्जदाराचे एक जुने कार्ड अर्जात नोंदवायचे राहून गेले. खुलासे करण्यात तीन आठवडे गेले.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. उतारा आहे तसाच शाखेत जाऊन देऊ आणि मध्यस्थही बदलू. एकच शंका उरते : कर्ज फेडून झाल्यावर ही सर्व माहिती काढून टाकण्यास सांगता येते का?

प्रतिसाद १

लगेच नाही. अवैध पैशाला आळा घालण्यासाठी १९८९ साली स्थापन झालेल्या फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्सच्या शिफारशींनुसार, ग्राहकाशी असलेला व्यवहार संपल्यानंतरही ओळखीची कागदपत्रे किमान पाच वर्षे जपून ठेवावी लागतात, आणि देशोदेशीचे कायदे याच धर्तीवर बेतलेले आहेत. जाहिरातींसाठी होणारा वापर मात्र केव्हाही थांबविण्यास सांगता येते. तसे लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.