रेक्टोसील ३.५ सें.मी.: आधी ऑपरेशन की आधी बायोफीडबॅक?

लोकमान्यनगर_इंदूर
आई, वय ५६, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. बरीच वर्षं झाली, शौचाला वीस-वीस मिनिटं कुंथावं लागतं आणि उठल्यावरही काहीतरी उरलंय असंच वाटतं. मळ कडक नसतो. रोज रात्री सोनामुखीचं चूर्ण घेते. त्याने पातळ होतं, पण अडकायचं ते अडकतंच. कोलोनोस्कोपी, थायरॉइड, शुगर, कॅल्शियम सगळं नॉर्मल. एमआर डिफेकोग्राफीत (शौचाचा जोर करताना काढलेला एमआरआय) पुढच्या बाजूला ३.५ सें.मी.चा रेक्टोसील (मलाशयाच्या भिंतीला योनीकडे आलेला फुगा) आणि मलाशय आतल्या आत थोडं घसरलेलं. सर्जन स्टेपलरचं ऑपरेशन (स्टार, म्हणजे मलाशयाची सैल भिंत कापून स्टेपलरने जोडणं) सांगताहेत. लगेच करून घ्यावं का?

जठरांत्र_एमडी
लगेच नको. तुमच्या यादीत गुदद्वाराची मॅनोमेट्री (नळीने स्नायूंचा दाब मोजणं) आणि बलून टेस्ट नाही, आणि निर्णय त्यांवरच व्हायला हवा.

मळ मऊ असून अडकतो, म्हणजे दोष बहुधा आतड्याच्या गतीत नसून बाहेर पडण्याच्या वाटेत आहे. मलाशयाला मागून वेढा घालणारा प्यूबोरेक्टॅलिस नावाचा स्नायू एरवी वाट वाकवून धरतो आणि जोर करताना ढिला पडतो. काहींचा तो त्याच वेळी उलट आवळतो. कडी लावलेल्या दाराला आतून धक्के मारत राहावं, तसं होतं. तो जोर मग योनीकडच्या कमजोर भिंतीवर जातो आणि तिथे फुगा येतो, तोच रेक्टोसील. म्हणून तो पुष्कळदा कारण नसून परिणाम असतो. लहान रेक्टोसील तर काहीही तक्रार नसलेल्या कित्येक बायकांतही सापडतो.

बलून टेस्ट अगदी साधी आहे. मलाशयात छोटा फुगा ठेवून ५० मि.ली. कोमट पाणी भरतात आणि कमोडवर एकांतात बसवतात. साधारण १ मिनिटात तो बाहेर पडायला हवा. मॅनोमेट्री डाव्या कुशीवर झोपवून करतात; तिथे संकोचाने धडधाकट माणूसही आवळून धरतो. त्यामुळे एकट्या मॅनोमेट्रीवर विसंबू नका, दोन्ही तपासण्या एकाच दिशेला बोट दाखवतात का ते पाहा. एमआरमध्येही मलाशयात भरलेली जेल खरोखर बाहेर टाकली होती का, हे विचारा. लाजून जोरच केला नसेल तर त्या रिपोर्टला फारसा अर्थ नाही.

या सगळ्याआधी बोटाने तपासणी. बोट आत असताना "आवळा" आणि मग "जोर करा" असं सांगतात. जोर करताना स्नायू सैल लागला पाहिजे आणि गुदद्वाराभोवतीचा भाग १ ते ४ सें.मी. खाली आला पाहिजे. दोन मिनिटांचं काम, पण बहुतेक ठिकाणी टाळलं जातं.

इंदुरात फोन करून चौकशी करताना नुसतं "मॅनोमेट्री आहे का?" विचारू नका. अनेक ठिकाणी फक्त अन्ननलिकेची होते. बायोफीडबॅक (स्नायूचा आलेख पडद्यावर पाहत तो सैल सोडायला शिकणं) तिथेच मिळतो का, तेही विचारा.

पेल्विक_फिजिओ
आधी एक सावधगिरी. अशा बायकांना सर्रास केगल (खालचे स्नायू आवळायचा व्यायाम) दिला जातो. आवळणाऱ्या स्नायूला आणखी आवळायला शिकवून काय साधणार? इथे शिकायचं असतं सोडणं.

बायोफीडबॅकमध्ये दाब मोजणारी नळी किंवा सेन्सर लावून पडद्यावर स्नायूचा आलेख दाखवतात. पोटाने जोर, खाली सैल, हे एकत्र जमेपर्यंत सराव. मग पाणी भरलेला फुगा बाहेर टाकायचा. साधारण ४ ते ६ बैठका, एक-दोन आठवड्यांच्या अंतराने, आणि मधल्या काळात घरी रोज सराव. घरचा सराव न करणाऱ्यांना फारसा फायदा होत नाही.

घरी आजपासून: कमोडपुढे २०-२५ सें.मी. उंचीचा पाट ठेवून त्यावर पाय, गुडघे कमरेहून वर, कोपरं मांडीवर, थोडं पुढे वाकलेलं. श्वास न कोंडता पोट पुढे फुगवायचं. नाश्त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत आतड्याची हालचाल वाढते, त्या वेळी बसवा. आपले पोहे-जिलबी पोटात गेले की तेवढा इशारा पुरतो, तंतूंसाठी मात्र भाजी-फळं वेगळी खावी लागतात. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं.

गुदरोग_सर्जन
वरच्यांशी सहमत, पण रेक्टोसील अगदीच सोडूनही देऊ नका. आईंना विचारा (शक्यतो एखाद्या मावशीने किंवा बहिणीने विचारावं, मुलाला सांगणार नाहीत): योनीच्या मागच्या भिंतीवर बोटाने दाबलं की मळ निघतो का? निघत असेल, रेक्टोसील ३ सें.मी.पेक्षा मोठा असेल, त्यात मळ साठून राहत असेल आणि नीट केलेल्या बायोफीडबॅकनंतरही त्रास तसाच असेल, तर ऑपरेशनला अर्थ आहे. योनीमार्गे दुरुस्ती, स्टार, किंवा घसरण मोठी असेल तर जाळी लावून व्हेंट्रल रेक्टोपेक्सी (मलाशय वर ओढून बसवणं). स्टारनंतर काहींना अचानक घाईची लागते, दुखतं, रक्त जातं. आवळणारा स्नायू तसाच ठेवून स्टेपलर लावला तर त्रास पुन्हा उद्भवण्याची शक्यता मोठी.

लोकमान्यनगर_इंदूर
दाबून काढावं लागतं, हे बहिणीने विचारलं तेव्हा कळलं. चूर्ण बंद करू का? नीमचकडचा चांगला इसबगोल आणलाय.

जठरांत्र_एमडी
डॉक्टरांना विचारून पीईजी पावडर (मळात पाणी धरून तो मऊ ठेवणारं औषध; १७ ग्रॅम, ग्लासभर पाण्यात, रोज एकदा) सुरू करा आणि चूर्ण हळूहळू कमी करा. मळ फार पातळ झाला तर तो ढकलणंही कठीण जातं, म्हणून मऊ पण आकार धरणारा हवा. इसबगोल ५ ग्रॅमपासून, मोठ्या ग्लासभर पाण्यात. वाट अडलेली असताना मोठा डोस दिला तर पोट फुगतं. तसं झालं तर थांबवा. अडकलंच तर ग्लिसरीनची सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची वडी). किडनी कमजोर असेल तर फॉस्फेटचा एनिमा अजिबात नको. लोह, कॅल्शियम किंवा बीपीची काही औषधं चालू असतील तर त्यांची यादीही सोबत न्या, त्यांनीही मळ कडक होतो.