नवा प्रकल्प पुन्हा पुण्यालाच का द्यायचा? (एक चर्चा; नावं टोपणनावं)

वायरकट
मोठा प्रकल्प जाहीर झाला की 'सगळं पुण्यालाच का?' अशी ओरड सुरू होते. माझं मत: हो, पुण्यालाच द्या. एकाच धंद्यातले कारखाने शेजारी-शेजारी असले की इनोव्हेशन होतं, आणि विभागाचा विकासही त्यातूनच.

पुण्याजवळ भोसरीत माझी छोटी टूलरूम आहे, म्हणजे कारखान्यांना लागणारी टूल आणि साचे बनवायचं वर्कशॉप. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाच्या प्रेस टूलचा (पत्रा कापायच्या साच्याचा) पंच, म्हणजे वरून दाबणारा तुकडा, सारखा तडकत होता. नवा करायला घेतला. मटेरियल सकाळी शेजारच्या ब्लॉकमधून उचललं, संध्याकाळी पंच हार्डनिंगला (भट्टीत तापवून कडक करायला) गेला, दुसऱ्या दिवशी ग्राइंडिंग करून गिऱ्हाइकाकडे पोचलासुद्धा. पण मुद्दा वेगाचा नाही. हार्डनिंगवाल्याने तुकडा हातात घेतला आणि म्हणाला, "इथे आतल्या कोपऱ्याला रेडियस, गोलाई का नाही? तडकणारच." ड्रॉइंगमध्ये तो नव्हताच. गिऱ्हाइकाला पटवलं, त्यांनी ड्रॉइंग बदललं, पंच टिकला. शंभर मैलांवर कुरिअरने पाठवला असता तर त्याने मुकाट्याने भट्टीत टाकून परत पाठवला असता. एका जागी असण्याचा फायदा तो हाच.

लातूरकर
साहेब, पंचाला रेडियस देणं म्हणजे इनोव्हेशन? मग तर आमच्या गावचा वेल्डरही शास्त्रज्ञच.

चाकणला मूळ डिझाइन बऱ्याचदा जर्मनीतून नाहीतर कोरियातून येतं. सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरने फक्त रेट द्यायचा, आणि दर वर्षी तो खाली आणायचा. डोकं लावून चार पैसे वाचवले की परचेसवाला म्हणतो, आता तेवढेच कमी करा. मग डोकं लावतंय कोण?

आणि 'विभागाचा विकास' म्हणताना विभाग कुठला, तेही सांगा. आमच्याकडची पोरं आयटीआय करून चाकणला जातात, एका खोलीत सहा जण राहतात, ट्रेनी म्हणून राबतात आणि मुदत संपली की त्यांच्या जागी दुसरी बॅच. पुणे मोठं झालं, लातूरच्या वाट्याला एसटीचं तिकीट.

जुनी फाइल
दोघांनीही सुरुवात मधूनच केलीत. पुण्याचा पट्टा आपोआप उगवलेला नाही. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ ला आली, आकुर्डीला बजाजचा कारखाना १९६० च्या सुमाराचा, एमआयडीसी १९६२ ची. टेल्को (आजची टाटा मोटर्स) १९६६ मध्ये आली तेव्हा तिचे प्रमुख सुमंत मुळगावकरांनी आधी गाड्या नाही काढल्या. टूल आणि डाय बनवायची सोय केली, शिकाऊ कामगारांचं केंद्र काढलं. तिथे तयार झालेल्या टूलमेकरांपैकी कितीतरी जणांनी पुढे भोसरीत स्वतःचं शेड टाकलं. वायरकट, तुमच्या गल्लीत विचारून बघा, चार घरांत एक तरी सापडेल. गाड्यांची चाचणी करणारी एआरएआयसुद्धा १९६६ चीच.

सरकारने दुसऱ्या बाजूनेही जोर लावला होता. १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे, उद्योग मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर जावेत म्हणून. तालुक्यांचे गट पाडले, मागास तालुक्याला जास्त सवलत. पुण्याच्या पट्ट्याला मागास तालुक्यांपेक्षा कमी. तरी रांजणगाव, चाकण, तळेगाव भरलंच.

वायरकट
हेच तर म्हणतोय! सवलत कमी असताना कारखाने आले, म्हणजे सवलतीपेक्षा शेजार मोलाचा.

लातूरकर
मग वाळूजचं काय? १९८५ मध्ये बजाजने औरंगाबादजवळ वाळूजला कारखाना काढला तेव्हा तिथे कुठला शेजार होता? गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एन्ड्युरन्स त्याच वर्षी तिथेच सुरू झाली, आज तिचे कारखाने इटली-जर्मनीत आहेत. एक मोठी कंपनी नेऊन ठेवली की भोवती व्हेंडर उभे राहतात. फक्त कोणीतरी नेऊन ठेवावी लागते.

वायरकट
वाळूज मान्य. पण त्याच बजाजचं आर अँड डी (संशोधन आणि डिझाइन) कुठे राहिलं? आकुर्डीला. उत्पादन हलवता येतं हो, डोकं हलत नाही.

बॅटरी लो
तुमचं शेजाराचं कौतुक चालू द्या, पण इलेक्ट्रिक गाडीला पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही, सायलेन्सर नाही. भोसरीतली निम्मी शेडं त्यावरच जगतात (निम्मी हा माझा अंदाज, भांडू नका). सगळे एकाच धंद्यातले शेजारी असले की बुडतानाही एकत्र बुडतात. अमेरिकेतलं मोटारींचं शहर डेट्रॉईट बघा.

वायरकट
इलेक्ट्रिक मोटरच्या लॅमिनेशनलाही (आतल्या पातळ पत्र्यांनाही) प्रेस टूलच लागतं राव. टूलरूमवाले तरतील. नुसतं लेथवर टर्निंगचं जॉबवर्क करणाऱ्यांचं मात्र अवघड आहे, ते खरं.

लातूरकर
मी पुण्याचे कारखाने उचला म्हणतच नाही. पण सवलतीचे पैसे उधळण्यापेक्षा एआरएआयसारखी चाचणीची सोय, चांगली टूलरूम, शिकाऊ केंद्र आमच्याकडे काढा. डोकं हलत नाही म्हणता, त्याला बसायला जागा तर द्या.

वायरकट
इमारत होईल, मशीन येईल, उद्घाटनही होईल. चालवणारा इंजिनिअर शुक्रवारी संध्याकाळी पुण्याची गाडी पकडेल.

लातूरकर
१९६६ मध्ये पुण्यात तरी कुठे होती माणसं?

जुनी फाइल
होती की. सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ पासूनचं, खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून तिथेच. टेल्कोला कोरी पाटी मिळाली नव्हती. लातूरला आज लॅब काढली तर वायरकट म्हणतात तेच होण्याची भीती मला जास्त वाटते. पण संभाजीनगरला वाळूजवर वाढलेली अख्खी पिढी तयार आहे. तिथे माणसं मिळत नाहीत, असं कोणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. पुढची सोय तिथे करा, लातूरकर, भले तुमच्या गावाहून तीही लांबच असेल.

लातूरकर
लांबच आहे. पण चाकणपेक्षा जवळ.