वाफेच्या इंजिनांची मॉडेल्स: आवाज, धूर आणि नियंत्रण – तुमचे अनुभव लिहा

मंडळी, वाफेच्या इंजिनाचं मॉडेल म्हणजे बहुतेक वेळा विजेच्या मोटरवर धावणारी गाडी. बॉयलर पोकळ असतो आणि भट्टी रिकामी. भकभक, शिट्टी, धूर, जड गाडी ओढतानाची धडपड, म्हणजे ज्यासाठी आपण वाफेच्या इंजिनावर जीव टाकतो ते सगळं वेगळं बसवावं लागतं. तुम्ही काय बसवलंत, कसं जमवलंत आणि मनासारखं झालं का, हे सविस्तर ऐकायचं आहे. स्केल कुठलंही चालेल.

सुरुवात मी करतो. माझं इंजिन एचओ स्केलचं, म्हणजे १:८७, दोन सिलिंडरचं. बरीच वर्षं ते जुन्या पद्धतीनं चालवलं: रुळात व्होल्टेज जास्त सोडलं की गाडी जोरात, कमी केलं की हळू, शून्य केलं की थांबली. पण थांबली की इंजिनातली वीजही गेली. खरं वाफेचं इंजिन तर फलाटावर उभं असतानाच किती बोलतं! पंप ठकठकतो, वाफ फसफसते, फावड्याचा खणखणाट चालू असतो. डीसीसी पद्धतीत रुळांत वीज कायम असते आणि तिच्यातूनच प्रत्येक इंजिनाला त्याच्या क्रमांकानं हुकूम जातो. इंजिनातला डिकोडर तो वाचून मोटर, दिवा, आवाज सांभाळतो. ती बसवल्यावर माझं इंजिन पहिल्यांदा उभ्या उभ्या बोललं.

नंतर एक गोष्ट कानाला खटकायला लागली. दोन सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीनं वाफ येते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार भके पडतात. डिकोडर मात्र मूळ सेटिंगवर भलत्याच लयीत भकभकत होता. डोळ्याला चाक दिसतं आणि कानाला दुसरंच काही ऐकू येतं, हे फार त्रासदायक असतं. ती लय जुळवली आणि इंजिन एकदम खरं वाटायला लागलं. तीन सिलिंडरच्या इंजिनाला साधारणपणे सहा भके लागतात, हेही लक्षात ठेवा.

माझं मत सांगून ठेवतो: धुराहून आवाज मोलाचा, आणि आवाजाहून नियंत्रण. पटत नसेल तर जरूर लिहा.

फायरमनचा नातू, मिरज

पूर्ण सहमत, आणि कारण आमच्या घरातलंच आहे. आजोबा मीटरगेजवर फायरमन होते, वायजी इंजिनांवर. नवं आवाजवालं इंजिन त्यांना मोठ्या हौसेनं दाखवलं. डोळे मिटून त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "गाडी रिकामी आहे का रे? सुटताना जो आवाज, तोच पळताना?"

मग त्यांनीच समजावलं. सुटताना रिव्हर्सर, म्हणजे वाफ किती वेळ आत शिरू द्यायची ते ठरवणारा दांडा, पूर्ण पुढे असतो, सिलिंडरमध्ये वाफ जास्त वेळ शिरते, म्हणून भके मोठे आणि सुटे सुटे पडतात. वेग आला की डायवर रिव्हर्सर मधल्या बाजूला आणतो, वाफ थोडीच सोडतो आणि भका आखूड, हलका होतो. उतारावर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप, बंद केला की भका जवळजवळ नाहीसाच. उरतो तो दांड्यांचा खडखडाट. म्हणजे आवाज वेगाचा नसतो, कष्टाचा असतो.

त्या रात्री डिकोडरचं पुस्तक घेऊन बसलो. चांगले डिकोडर मोटरची वीज क्षणभर तोडतात आणि फिरत्या मोटरमधून उलट किती व्होल्टेज येतंय ते मोजतात. त्यावरून गाडी ठरलेल्या वेगानं चालली आहे की भारानं दबली आहे ते त्यांना कळतं, आणि ज्यांत सोय आहे ते आवाजही त्याप्रमाणे बदलतात. ते चालू केलं. डिकोडरच्या क्रमांक दिलेल्या सेटिंगना सीव्ही म्हणतात. सीव्ही ३ म्हणजे वेग घेण्याचा आणि सीव्ही ४ म्हणजे वेग सोडण्याचा आकडा. दोन्ही चांगले वाढवले. आता बटण एकदम फिरवलं तरी गाडी हळूहळूच सुटते आणि तेवढा वेळ इंजिन जड भकभकतं. बटण मिटवलं की गाडी स्वतःच्या वजनानं घरंगळत राहते आणि फक्त दांडे वाजतात. ब्रेक वेगळ्या बटणावर घेतला आहे. फलाटावर नेमकं थांबायचं तर बरंच आधी ठरवावं लागतं, म्हणजे इंजिन चालवावं लागतं!

आजोबांनी आणखी एक गोष्ट बदलून घेतली. डिकोडरमध्ये मधूनमधून सेफ्टी व्हॉल्व्ह उडण्याचा आवाज आपोआप येतो. ते म्हणाले, "हे इतक्यांदा उडत असेल तर फायरमन कोळसा फुकट घालवतोय." वाफ दाबाच्या काठाशी राखायची पण व्हॉल्व्ह उडू द्यायचा नाही, यात त्यांचा सगळा अभिमान होता. तो आवाज मी अगदी क्वचित येईल असा ठेवला. बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरचा सूंऽऽ आवाज मात्र त्यांना पसंत पडला, तो त्यांनी पुन्हा पुन्हा लावायला सांगितला.

तीन रूळ, न्यू जर्सी

तुमची चर्चा डिकोडरची चालली आहे, मी त्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट सांगते. लायनेल कंपनीचा कारखाना आमच्या इकडेच, हिलसाइडला होता. त्यांची ओ गेजची जुनी इंजिनं मी दुरुस्त करते. रूळ तीन, वीज एसी.

या कंपनीनं १९३५ मध्ये टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, खरी हवेची शिट्टी बसवली. आत एक छोटी मोटर, तिच्यावर पंखा, आणि हवा ज्यांतून जाते ते कप्पे. गंमत नियंत्रणाची आहे. गाडी एसीवर धावते. कंट्रोलरचं बटण दाबलं की त्या एसीत थोडं डीसी मिसळतं. टेंडरमधला रिले, म्हणजे विजेनं ओढला जाणारा स्विच, एसीला दाद देत नाही, डीसी आलं की खटकन ओढला जातो आणि शिट्टीची मोटर सुरू होते. ओढायला डीसी जास्त लागतं आणि धरून ठेवायला कमी, म्हणून बटणाचे टप्पेही दोन. आजच्यासारखं इलेक्ट्रॉनिक्स नसताना त्याच रुळांतून दुसरा हुकूम पाठवायची ही युक्ती मला आजही थक्क करते. हाती आलेल्या टेंडरमध्ये बहुधा रिलेचे संपर्क काळवंडलेले आणि वंगण सुकून घट्ट झालेलं असतं. तेवढं साफ केलं की शिट्टी वाजते, आणि ती स्पीकरमधून येत नाही, हवेतून येते. तो फरक ऐकूनच कळतो.

धूर १९४६ चा. पहिल्या वर्षी त्यांनी खास दिवा वापरला. त्याच्या माथ्यावरच्या खळग्यात गोळी टाकायची आणि दिव्याच्या उष्णतेनं ती धुरायची. पुढच्याच वर्षी तारेचा हीटर आला. चाकांशी जोडलेला छोटा दट्ट्या हवा ढकलतो, त्यामुळे धूर चाकाच्या तालावर फक् फक् करत बाहेर येतो. म्हणून धागाकर्त्यांच्या मताशी मी सहमत नाही. तालावर येणारा धूर एकदा बघा, मग त्याला तिसरा नंबर द्या.

इझार, म्युनिक

धुराबद्दल थोडं सावधगिरीचं. माझ्याकडे जर्मन झॉयथे पद्धतीचे धूरयंत्र आहेत. धुराड्यात बसणारी छोटी नळी, तिच्यात तेल, मधोमध बारीक तापणारी नळी. तेल त्या बारीक नळीतून वर चढतं, उकळतं आणि धूर होऊन उडतं. तेल मधल्या नळीच्या तोंडावर गेलं तर धूर येतच नाही, नुसतं थुंकतं. काही थेंब पुरतात. तेल संपलं की हीटर लगेच बंद करायचा, कोरडा तापला तर जळतो. डिकोडरला जोडण्याआधी त्याच्या त्या तारेला किती मिलीअँपिअर झेपतात ते बघा, आणि धूरयंत्र तुमच्या व्होल्टेजचंच घ्या.

धूर दिसेनासा झाला तरी तेल कुठंतरी बसतंच: छतावर, झाडांवर, रुळांवर. रूळ तेलकट झाले की चाकांना वीज नीट मिळत नाही आणि आवाज तुटक येतो. धूर हवा असेल तर रूळ पुसण्याची शिस्त हवी, आणि डिकोडरला कपॅसिटर जोडलात तर क्षणभर वीज गेली तरी इंजिन गप्प होत नाही. आमच्या घरात दम्याचा त्रास आहे, म्हणून धूर फक्त खिडक्या उघड्या असताना आणि थोडाच वेळ.

दोन मुलांची आई, नाशिक

छोटंसंच लिहिते. धाकट्याला मोठे आवाज सोसत नाहीत, पण गाड्यांचं वेड प्रचंड. आमच्या ईएसयू कंपनीच्या डिकोडरमध्ये सीव्ही ६३ मध्ये एकूण आवाज कमी करता येतो. तो बराच खाली आणला आणि शिट्टी वेगळी आणखी हळू केली. आता तो कान झाकत नाही, शिट्टीचं बटण स्वतः दाबतो.

लोकलवाला, डोंबिवली

आयात केलेले कंट्रोलर न परवडणाऱ्यांसाठी लिहितो. डीसीसी-ईएक्स नावाचा मुक्त प्रकल्प आहे. आर्डुइनो मेगा हा छोटा संगणक-बोर्ड, त्यावर मोटर शील्ड (रुळांना वीज देणारा जोडबोर्ड), वायफायची सोय आणि योग्य अडॅप्टर एवढ्यात कमांड स्टेशन, म्हणजे इंजिनांना हुकूम पाठवणारं यंत्र, उभं राहतं. फोनवर 'इंजिन ड्रायव्हर' हे ॲप घेतलं की फोनच हातातला रेग्युलेटर. सगळं वाचून जमतं.

आवाजही घरी करून पाहिला. चाकाला चुंबक, शेजारी रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालू होणारा), आणि एसडी कार्डावरून एमपी३ वाजवणारं छोटं मॉड्यूल. हळू वेगात सुरेख चालतं. वेग वाढला की ते मॉड्यूल प्रत्येक फाइल सुरू करायला जो वेळ घेतं त्यात भके चुकतात. ईएसपी३२ या दुसऱ्या छोट्या बोर्डाच्या मेमरीत एकेका भक्याचा नमुना ठेवून थेट वाजवला तेव्हा लय टिकली.

आणि रेकॉर्डिंग. तयार मिळणारे आवाज बहुतेक जर्मन, ब्रिटिश, अमेरिकन. मला डब्ल्यूपीची, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजच्या पॅसेंजर इंजिनाची, शिट्टी हवी होती. रेवाडीच्या शेडमध्ये वाफेची इंजिनं जपली आहेत, तिथं जाऊन आणली. जाणाऱ्यांनी मायक्रोफोनवर केसाळ वारारोधक नक्की लावावा. जाता जाता: एचओचा १६.५ मिलिमीटरचा रूळ हा १४३५ मिलिमीटरच्या गेजचा आहे. आपला १६७६ चा ब्रॉडगेज त्या स्केलमध्ये १९.३ येतो, म्हणजे डब्ल्यूपीचं मॉडेल नेहमीच्या रुळावर जरा अरुंद पायांचंच दिसणार.

नेरळकर, मिल्टन कीन्स

माझं इंजिन खऱ्या वाफेवर चालतं. १६ मिलिमीटरला एक फूट हे स्केल. यात दोन फुटी गेज बरोबर ३२ मिलिमीटर होतो, म्हणजे माथेरानच्या गाडीला अगदी चपखल. गॅस ब्युटेन, पाणी डिस्टिल्ड, सिलिंडरला वाफेचं घट्ट तेल. इथं डिकोडर नाही. रेग्युलेटर आणि रिव्हर्सर रेडिओवर घेतले आहेत, बाकी सगळं वाफच करते. पहिली काही मिनिटं सिलिंडर गार असतात आणि धुराड्यातून पाणी उडतं, तेव्हा घाई करायची नाही. धूर म्हणून जे दिसतं ते थंड झालेल्या वाफेचे पाण्याचे बारीक थेंब. हिवाळ्याच्या दमट सकाळी पांढरा झुबका मागे लांबवर राहतो, कडक उन्हात काहीच दिसत नाही. या आकारात भक्याचा आवाज मुळात कमी, म्हणून बाहेर जाणाऱ्या वाफेच्या वाटेवर आवाज घुमवणारी नळी बसवतात. बारीक स्पीकरमधून येणारा भका आणि हा भका यांत मला तरी तुलनाच वाटत नाही.

माथेरानच्या १९०७ च्या मूळ जर्मन इंजिनांपैकी ७४० क्रमांकाचं इंजिन इथून जवळच, लेटन बझर्ड लाइट रेल्वेकडे आहे. नेरळच्या माणसाला ते इथं भेटणं फार मोठी गोष्ट आहे.

अर्धा टेबल, ठाणे

माझ्याकडे जागा नाही, म्हणून एन स्केल, १:१६०. बॉयलरमध्ये स्पीकर कसा बसवायचा? कुणी केलंय का?

धागाकर्ता

@अर्धा टेबल, टेंडरमध्ये बसवा, फोनमध्ये असतो तसला चौकोनी छोटा स्पीकर मिळतो. त्याच्या मागची बाजू हवाबंद डबीत हवीच, नाहीतर मागची आणि पुढची लहर एकमेकींना खाऊन टाकतात आणि आवाज पत्र्यासारखा येतो. टेंडरही पुरत नसेल तर डिकोडर आणि मोठा स्पीकर टेबलाखाली ठेवा आणि त्याला इंजिनाचाच क्रमांक द्या. दोघांना एकच हुकूम जाईल. आवाज इंजिनाबरोबर सरकणार नाही, पण अर्ध्या टेबलावर ते जाणवत नाही आणि खर्ज कितीतरी चांगला मिळतो.

@तीन रूळ, तालावरच्या धुराचा मुद्दा मान्य. तिसरा नंबर मागे घेतो. पंख्याच्या, भक्याबरोबर धूर सोडणाऱ्या यंत्रांचा अनुभव कुणाला असेल तर लिहा, विशेषतः बागेतल्या मोठ्या स्केलवाल्यांनी.